‘झुलू’ लावावा की ‘बॉर्डर’?

भाच्याचा फोन आला. परीक्षा संपली होती, शनिवारी रात्री चार मित्र घरी येणार होते आणि त्यांना ‘मूठभर सैनिक, समोर अफाट फौज’ छापाचा एक चांगला युद्धपट बघायचा होता. “मामा, एकच नाव सांग, यादी नको.” मी दोन नावं सांगितली आणि तो वैतागला. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्याच पेचात असलेल्यांसाठी हे जरा सविस्तर.

बाजीप्रभूंची खिंड ऐकत वाढलेल्या माणसाला या प्रकारच्या गोष्टीची ओढ का वाटते, हे समजावून सांगावं लागत नाही. थोडे लोक, एक जागा आणि ती सोडायची नाही, एवढंच. पण ही गोष्ट पडद्यावर दोन अगदी वेगळ्या रीतींनी सांगता येते. १९६४ चा ब्रिटिश ‘झुलू’ आणि १९९७ चा आपला ‘बॉर्डर’ शेजारी ठेवले की ते लख्ख दिसतं. दोन्ही खऱ्या लढायांवर बेतलेले आहेत, आणि दोघांनीही सोयीप्रमाणे इतिहासाला मुरड घातली आहे.

आधी ‘झुलू’. २२ जानेवारी १८७९, दक्षिण आफ्रिकेतलं रॉर्क्स ड्रिफ्ट. ड्रिफ्ट म्हणजे नदीचा उतार, पायी ओलांडता येईल अशी जागा. तिथे एक मिशन, त्याचं इस्पितळ केलेलं आणि शेजारी कोठार. रखवालीला दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिक, त्यातले कित्येक आजारी. त्याच दिवशी सकाळी काही मैलांवर इसांडलवाना इथे झुलूंनी, म्हणजे तिथल्याच आफ्रिकी लोकांच्या फौजेने, ब्रिटिशांच्या बाजूचे तेराशेच्या वर लोक कापून काढले होते. दुपारी तीन-चार हजार झुलू या उताराकडे वळले. ब्रिटिशांनी मक्याची पोती आणि बिस्किटांचे खोके रचून भिंत उभी केली आणि रात्रभर ती लढवली. त्यांचे १७ मेले. झुलूंची साडेतीनशेवर प्रेतं भिंतीभोवती मोजली गेली. एका चकमकीसाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, दिले गेले.

आता ‘बॉर्डर’. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, जैसलमेरजवळची लोंगेवाला चौकी. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० जवान. समोर रणगाड्यांसह पाकिस्तानची आख्खी ब्रिगेड. जैसलमेरच्या तळावरची हंटर लढाऊ विमानं रात्री हल्ला चढवू शकत नव्हती, त्यामुळे उजाडेपर्यंत तग धरायचा, हाच प्रश्न होता. तो धरला. सकाळी विमानं आली आणि वाळूत रुतलेले रणगाडे एकेक करून टिपले गेले.

आता माझी कसोटी. या जातीचा सिनेमा संपला की मी स्वतःला विचारतो, त्या ठाण्याचा नकाशा कागदावर काढता येईल का? ‘झुलू’चा मी आत्ता काढून देतो. इकडे इस्पितळ, तिकडे कोठार, मधे पोत्यांची भिंत, एका टोकाला गुरांचा वाडा, मागे टेकडी आणि तिच्यावरून होणारा गोळीबार. दिग्दर्शक साय एंडफील्डने पहिला तासभर हेच केलंय. माणसं पोती वाहतात, गाड्या आडव्या टाकतात, कुठली बाजू कमकुवत यावर वाद घालतात. दुपारच्या उन्हात चाललेली ती हमाली कंटाळवाणी व्हायला हवी, पण होत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक पोत्याचा हिशेब पुढे चुकता होणार आहे हे आपल्याला कळत असतं. हल्ला सुरू झाल्यावर भिंत कुठे फुटली आणि त्याचा अर्थ काय, हे कोणी सांगावं लागत नाही. मग शेवटच्या टप्प्यात सगळे जण कोठारापुढच्या इवल्याशा पोत्यांच्या बुरुजात मागे सरतात, तेव्हा जागा किती आक्रसली हे अंगावर येतं.

‘बॉर्डर’ मी १९९७ साली थिएटरात पाहिला, नंतर टीव्हीवर किती वेळा ते मोजलेलं नाही. तरीही लोंगेवालाचा नकाशा मला काढता येणार नाही. काटेरी तार, जीपवरची रणगाडाविरोधी आरसीएल गन, खंदक, अंधार आणि स्फोट. कोण कुठे आहे हे समजत नाही, कारण दिग्दर्शक जे. पी. दत्तांना जागेत रस नाही. त्यांना माणसं घरून काय सोडून आली यात रस आहे. हा दोष म्हणायचा की निवड, हे तुम्ही सिनेमा कशासाठी बघता त्यावर आहे. मला तो दोष वाटतो. बहिणीला अजिबात वाटत नाही. ‘संदेसे आते हैं’ लागलं की तिचा हुंदका ठरलेला.

आणि खरं सांगायचं तर तिथे तीच बरोबर आहे. ‘झुलू’मधल्या एकाही सैनिकाच्या घरची चौकशी सिनेमा करत नाही. पत्र नाही, आई नाही, बायको नाही. एक पोरगेला सैनिक विचारतो की आपल्यावरच ही वेळ का, आणि कलर सार्जंट बोर्न त्याला एका कोरड्या वाक्यात वाटेला लावतो. बस. ‘बॉर्डर’मध्ये बायकोच्या आजारपणासाठी रजा मागणारा मथुरादास आहे, लग्नाच्या रात्री बोलावणं आलेला भैरोसिंग आहे, आंधळ्या आईला सोडून आलेला धरमवीर आहे, लंगर सांभाळणारा भागीराम आहे. त्यातलं कोणी पडलं की पडद्यावरचा एक आकडा कमी होत नाही, एक घर बसतं. पूर्वार्ध लांबतो, गाणी गोष्टीला थांबवतात, सनी देओल बोलतो तेव्हा रणगाडे ऐकत उभे राहत असावेत असं वाटतं. पण उत्तरार्धात पोटात जो खड्डा पडतो, तो याच लांबलेल्या पूर्वार्धाच्या जिवावर.

ताण मात्र ‘झुलू’मध्ये जास्त, आणि तो बराचसा कानातून येतो. झुलू दिसण्याआधी ऐकू येतात. लांबून आगगाडी यावी तसा आवाज, आणि मग डोंगराच्या कडेवर एका ओळीत उभी राहिलेली माणसं. ते दृश्य मोबाइलवर बघायचं असेल तर सिनेमा लावूच नका. मोठ्या आकाराच्या फिल्मवर, ड्रेकन्सबर्गच्या डोंगरांत चित्रित केलेलं काम आहे. संगीत जॉन बॅरीचं, पण अगदी मोजकं. एरवी ढालींवर आपटणारे भाले, गाणी आणि बंदुकांच्या फैरी. ‘बॉर्डर’मध्येही रात्रीच्या गस्तीला पलीकडून रणगाड्यांची घरघर ऐकू येते तो भाग उत्तम आहे. पुढे मग पार्श्वसंगीत काही ऐकू देत नाही.

शत्रू दोघांनी कसा दाखवलाय, हे बघताना मला सगळ्यात जास्त गंमत वाटते. ‘बॉर्डर’मधला शत्रू बोलतो, पुष्कळ बोलतो, आणि जितका बोलतो तितका पुठ्ठ्याचा वाटतो. ‘झुलू’मध्ये लढाईत उतरलेल्या एकाही झुलूला नाव नाही की संवाद नाही, तरी तो जास्त खरा वाटतो. कारण तो डोकं लावून लढतो. रानरेड्याच्या छाती-शिंगांसारखी त्यांची व्यूहरचना एक बोअर (आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाचा) माणूस जमिनीवर रेघा ओढून समजावतो. पहिल्या लाटेत झुलू मुद्दाम माणसं मरू देतात, समोर बंदुका किती हे मोजायला. पडद्यावरची ही माणसंही खरी झुलूच. राजा सेट्शवायोची भूमिका मांगोसुथु बुथेलेझींनी केली, ते त्याच राजाचे पणतू. पुढे ते दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणातलं मोठं नाव झाले, वर्णभेद संपल्यावर मंडेलांच्या सरकारात गृहमंत्रीही.

पण ‘झुलू’ एक गोष्ट चतुराईने गिळतो, आणि आपल्या प्रेक्षकाला ती खुपली पाहिजे. हे ‘ठाणं’ कोणाचं होतं? घुसखोर सैन्याचं. ब्रिटिशांनी झुलूंना पाळता येणार नाही असा निर्वाणीचा खलिता धाडला आणि जानेवारी १८७९ मध्ये त्यांच्या मुलखात फौजा घातल्या. रॉर्क्स ड्रिफ्ट हा त्या स्वारीचा मागचा तळ होता. सिनेमात हे जवळपास नाही. आभाळातून संकट कोसळावं तसे झुलू येतात. त्याच १८७९ साली इकडे वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन पुणे भागात इंग्रजांविरुद्ध उठले होते. त्यामुळे लाल डगलेवाल्यांसाठी टाळ्या वाजवताना माझा हात मधेच थबकतो. ‘बॉर्डर’मध्ये हा घोळच नाही. चौकी आपल्या हद्दीत, समोरचा चालून आलेला, मन एका बाजूला. काहींना तेच हवं असतं. मला हात थबकलेला आवडतो.

शेवट मात्र दोघांचेही, अनपेक्षितपणे, एकाच वळणावर येतात. ‘झुलू’त शेवटची हातघाई संपल्यावर प्रेतांच्या ढिगापुढे दोन्ही अधिकारी जिंकल्यासारखे दिसतच नाहीत, त्यांना शरम वाटते. ‘बॉर्डर’ तीन तास गर्जना करून शेवटी जळत्या रणगाड्यांवर ‘मेरे दुश्मन, मेरे भाई’ लावतो. त्या गाण्यासाठी हरिहरनना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आधीचं सगळं पाहता ते गाणं उसनं वाटतं असं म्हणणारे भेटतात. मला ते सिनेमातलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

इतिहास म्हणून दोन्हींवर विश्वास ठेवू नका. ‘झुलू’तला सैनिक हेन्री हुक दारुडा आणि कामचुकार आहे, प्रत्यक्षातला निर्व्यसनी होता. बोर्न पडद्यावर पोक्त, भारदस्त दिसतो, खरा चोविशीतला पोरगा होता. मिशनरी विटची तरुण मुलगी शुद्ध कल्पना. पलटणीला वेल्श करून टाकलंय, तिला ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव लढाईनंतर दोन वर्षांनी मिळालं. त्यामुळे ऐन मोक्याला वेल्श सैनिकांनी गायलेलं गाणं ऐकायला सुरेख, पण पुराव्याला शून्य. शेवटी झुलू गाऊन शत्रूला मानवंदना देतात, तेही घडलेलं नाही. ब्रिटिश कुमक येताना दिसल्यावर ते निघून गेले. आणि लढाईनंतर पडलेल्या जखमी झुलूंना ठार मारलं गेलं, हे सिनेमा सांगतच नाही. इतकं सगळं गाऊन झाल्यावर हे वगळणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

‘बॉर्डर’ची कात्री उलट दिशेने चालते. लोंगेवालाला आपले दोनच जवान शहीद झाले. सिनेमात माणसं रांगेने पडतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग पडद्यावर रणगाड्याखाली जातात. खरे भैरोसिंग राठोड २०२२ पर्यंत हयात होते. आपल्या मृत्यूचा सीन त्यांनी अनेकदा पाहिला असणार, त्या वेळी मनात काय येत असेल? त्या रात्रीचा सगळ्यात सिनेमॅटिक भाग मात्र दत्तांनी जवळजवळ वाया घालवला. चौकीभोवतीची काटेरी तार पाहून पाकिस्तानी रणगाडे थबकले, पुढे सुरुंग पेरलेत असं त्यांना वाटलं, आणि ते तपासण्यात मोलाचे तास गेले. एका तारेच्या वेटोळ्याने पहाट ओढून आणली! हे एंडफील्डच्या हाती पडतं तर त्याने वीस मिनिटं घेतली असती.

अभिनयाबद्दल थोडक्यात. मायकेल केनची ही पहिली मोठी भूमिका. लंडनच्या कामगार वस्तीतून आलेला हा गडी हुकच्या भूमिकेसाठी गेला होता आणि उमराव घराण्यातला अधिकारी ब्रॉमहेड होऊन बाहेर पडला. त्याचं आणि दुसरा अधिकारी झालेल्या स्टॅनली बेकरचं, नेमणूक आधी कोणाची म्हणून हुकूम कोणाचा, हे कुरबुरणं झकास आहे. ‘बॉर्डर’मध्ये सनीपेक्षा अक्षय खन्नाकडे लक्ष ठेवा. गोळी झाडायला हात न धजणारा मुलगा ते शेवटचा धरमवीर हा प्रवास त्याने आरडाओरडा न करता केलाय.

तर कोणी काय लावावं? घरात आई-वडील, काका, आजी असा सगळा गोतावळा बसणार असेल तर ‘बॉर्डर’. तो एकट्याने बघण्याचा सिनेमा नाहीच, गाण्याला कोणीतरी सूर लावायला लागतं. ज्यांच्या घरातलं कोणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांनाही तोच. फक्त तयारीनिशी बसा, काही प्रसंग जवळ लागतात. युद्धपट रचतात कसा, ताण चढवतात कसा, हे समजून घ्यायचं असेल, किंवा चार मित्र नंतर तासभर वाद घालणारे असतील, तर ‘झुलू’. भाच्याला मी शेवटी ‘झुलू’च सांगितला. ‘बॉर्डर’ त्याने आधीच अर्धा-अर्धा करून आठ-दहा वेळा पाहिलाय, पंधरा ऑगस्टला टीव्ही लावला की तो असतोच.

हे दोन्ही नकोत, विजयच नको, असं कोणाला वाटलं तर चेतन आनंदचा ‘हक़ीक़त’ आहे. तोही १९६४ चाच. लडाख, १९६२ चं चीनशी युद्ध आणि ठाणी सोडून मागे येणारे सैनिक. पण तो शनिवारी रात्री मित्रांबरोबर बघण्याचा सिनेमा नव्हे.

‘झुलू’ सव्वादोन तासांच्या थोडा वर आहे. उच्चार अस्सल ब्रिटिश, तेव्हा सबटायटल्स लावा. सुरुवातीचा सामूहिक विवाहाचा नाच लांबतोय म्हणून पुढे ढकलू नका, पुढे भाले घेऊन येणार आहेत ती हीच मुलं. ‘बॉर्डर’ जवळपास तीन तासांचा आहे, जेवणं उरकून साडेआठला लावला तर बरं, दहाला लावलात तर विमानं येईतो निम्मं घर झोपलेलं असेल.