दारूमुक्तीचा मदतगट, काही महिन्यांनंतर: गट सोन्यासारखा, पण दार सापडत नाही

गेल्या आठवड्यात एक नवा माणूस गोव्यातल्या आमच्या एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) गटाच्या मीटिंगला आला आणि मीटिंग न सापडताच परत गेला. चॅपेलमागच्या खालच्या खोलीत फेस्ताचं सामान भरलं होतं, म्हणून आम्ही वर बसलो होतो. दारावर साधी चिठीही नव्हती. रॉस-ऑम्लेटच्या गाड्यावाल्याने नंतर सांगितलं, "एक जण बराच वेळ उभा होता, मग समोर गेला." समोर बार आहे. ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

एए म्हणजे काय, दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्या कुठल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. वापरून काय वाटलं तेवढं सांगतो.

आधी पैसे. एका खाजगी केंद्राने सांगितलेला महिन्याचा आकडा माझ्या पगाराहून मोठा होता. इथे फी नाही. शेवटी पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. बाहेरून देणगी घ्यायची नाही अशी एएची सातवी परंपराच (गट कसा चालवायचा याचा नियम) आहे, त्यामुळे खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं, सगळं त्या पिशवीतून भागतं. मला सगळ्यात जास्त खर्च आला तो बसच्या तिकिटाचा.

पहिल्या महिन्यात मी घरी सांगत होतो की हे आपल्या लोकांसाठी नाही. जागा चॅपेलची, सुरुवातीला प्रार्थना, बोलणं निम्मं कोंकणीत, निम्मं इंग्रजीत. आता तसं म्हणत नाही. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण 'आम्हाला उमजला तसा देव' एवढंच. कोणी मंगेशीचं नाव मनात घेतो, कोणी काहीच घेत नाही. मी मराठीत बोलतो, सगळ्यांना कळतं. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी शेजारची खुर्ची ओढून "बस रे पुता" म्हटलं होतं. नाव, गाव, किती पितोस, काही विचारलं नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच इथे अट आहे.

खरी परीक्षा मार्च-एप्रिलात झाली. काजूच्या भट्ट्या लागल्या, आमच्या वाड्यावर घरोघरी हुर्राक (काजूची दारू) आली. एका रात्री मी त्याच बाबांना फोन केला. ते गप्पा मारत बसले, त्यांच्या मिरीच्या वेलींबद्दल, गुडघ्याबद्दल, मला झोप येईपर्यंत. असली सेवा पैसे टाकून कुठे मिळते ते मला माहीत नाही. अशा गटांचा उपयोग होतो का, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) २७ अभ्यास तपासले, आणि सलग दारूबंद राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

एक गोष्ट मात्र गटात होत नाही आणि व्हायलाही नको: औषधोपचार. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. आपल्याकडे बांबोळीला मनोविकार संस्था आहे, तिथे दाखवा, आणि मीटिंग त्याच्या जोडीला ठेवा.

आता दार. मी शोधत होतो तेव्हा इंटरनेटवरच्या एका यादीत पत्ता जुना आणि वेळ चुकीची होती. गटाचा बोर्ड नाही. विचारलं की उत्तर येतं, निनावीपण. पण अकरावी परंपरा वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांत सदस्याचं नाव येऊ नये म्हणून आहे. ती माणसाला झाकते. खोली झाकायला कोणी सांगितलेलं नाही. प्रत्येक गट स्वायत्त असल्यामुळे वर तक्रार करायला कोणी साहेब नाही, म्हणून मी गटातच विषय काढला. जुन्या मंडळींचं म्हणणं, बोर्ड लावला की कोण आत जातं ते बघायला गाव उभा राहील. त्यांची भीती खरी आहे. लग्नाच्या मुली असलेले लोक आमच्यात आहेत, सरकारी नोकरीवाले आहेत. पण ज्याने महिनोन् महिने मनाशी झगडून एक संध्याकाळ काढली, त्याला बंद दार दिसलं तर तो पुढच्या आठवड्यात येईलच असं धरून कसं चालेल? बोर्ड नको, एए हे शब्दही नकोत. 'मीटिंग वर आहे' एवढा कागद आणि खाली एक फोन नंबर. याला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या लेखी चहापेक्षा, पुस्तकांपेक्षा हे आधी व्हायला हवं. ठराव अजून झालेला नाही. मी दर वेळी पुन्हा काढणार आहे.

तोवर जाणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करावा. मीटिंग आज नक्की आहे का, कुठल्या खोलीत, आणि ती ओपन आहे का, हे विचारा. क्लोज्ड मीटिंगला घरच्यांना बसता येत नाही, त्यांच्यासाठी अल-अॅनॉन वेगळं आहे. कोणीतरी बाहेर येऊन उभं राहील का, असंही विचारा. आमच्याकडे विचारलं तर राहतात. गटाचा नंबरच मिळाला नाही तर राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६.