पिंपळाखालचं मेडिकल, प्रतापनगर, नागपूर: पाचपैकी चार तारे

पाटीवरचं नाव आमच्या उन्हानं कधीच उडालंय, त्यामुळे सगळे याला पिंपळाखालचं मेडिकलच म्हणतात. डिस्काउंट नाही, घरपोच सेवा नाही, दुपारी दोन ते पाच शटर खाली. तरी वाटेतली दोन मेडिकल सोडून मी इथेच येते, ते आतल्या टेबलापाशी बसणाऱ्या फार्मसिस्ट मॅडममुळे.

माझा मुलगा सहा वर्षांचा, वजन चौदा किलो. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; झटके येतात, बोलत नाही. लेव्हेटिरॅसिटॅमनं झटके कमी झाले, पण पोरगा दिवसभर चिडलेला. स्वतःचाच हात चावून चावून मनगटावर घट्टा पडला. म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचंच दुसरं औषध, सिरपमधलं, सुचवलं. लिव्हरचा धोका दोन वर्षांखालच्या आणि झटक्यांची जास्त औषधं चालू असलेल्या मुलांना सर्वात जास्त, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) काही आजारांत हे द्यायचंच नाही, पहिले सहा महिने फार जपायचं, हे त्यांनी नीट समजावलं. लिव्हरचा आणि प्लेटलेटचा रिपोर्ट आधीच करून घेतला, तोही चांगला आला. तरी चिठ्ठी माझ्या पर्समध्येच पडून.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं कफ सिरपनं दगावली. त्यातली कितीतरी उपचाराला आमच्या नागपुरातच आणली होती. तेव्हापासून सिरपची बाटली हातात घेतली की पोटात गोळा येतो. त्या सिरपमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालं होतं, आमच्या औषधाचा त्याच्याशी काही संबंध नाही. कळतं हो, पण वळत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलंय: उलट्या, सुस्ती, भूक मरणं, झटके वाढणं दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. अहो, माझ्या पोराचं हे एरवीचंच आहे! तो कागद "आई, पोट दुखतंय" म्हणणाऱ्या लेकरासाठी लिहिलेला आहे. काउंटरवर मी हे जरा वरच्या आवाजातच बोलले. मॅडमनी मागच्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि म्हणाल्या, "ताई, द्यायचं की नाही ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. पण डॉक्टर हो म्हणत असतील तर आधी आठ दिवस त्याचं रोजचं लिहून काढा. किती वेळा ओकतो, किती झोपतो, किती घास खातो. नेहमीचं माहीत असलं तरच वेगळं काय ते दिसेल."

डॉक्टर हो म्हणाले. जुनं औषध चालूच होतं. आठ दिवसांच्या वहीत दिसलं ते असं: उलटी फक्त सकाळी, दुधानंतर, एकदाच. सहा वर्षं मी "सारखा ओकतो" असं सांगत फिरत होते.

मग औषध सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊला, दूध नाही काही नाही, दोन उलट्या. वही उघडली आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी रात्रीच बोलावून रक्त तपासलं. लिव्हर ठीक निघालं. घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मी चहा तीनदा उकळला आणि एकदाही प्यायले नाही.

आणखी एक गोष्ट. सिरप ५ मिलीला २०० मिलिग्रॅमचं, आमचा डोस सकाळ-संध्याकाळ ३.५ मिली, म्हणजे १४० मिलिग्रॅम. बाटलीच्या टोपणावर रेघा मात्र २.५, ५ आणि १० च्या. मधलं अंदाजपंचे! मॅडमनी बिनसुईची सिरिंज काढली, पाणी ओढून दाखवलं आणि ३.५ वर मार्करनं रेघ मारून दिली. आता माझी सासूसुद्धा डोस देते.

एकदा इथलं सिरप संपलं होतं. दुसऱ्या एका दुकानात (नाव घेत नाही) त्याच औषधाची सीआर गोळी पुढे करून म्हणाले, "कुटून द्या, एकच आहे." मी घेतली नाही. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, हळूहळू सुटणारी गोळी कुटली की सगळं औषध एकदम पोटात जातं. त्यांनी संध्याकाळपर्यंत बाटली मागवली. फिटचं औषध एकदम बंद पडलं तर झटके उसळतात, म्हणून तेव्हापासून आमच्या नावाची एक जास्तीची बाटली फळीवर ठेवलेली असते.

बिल छापील, बॅच नंबरसकट देतात. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा क्लेम करणाऱ्यांनी मागायचीही गरज नाही.

एक तारा कापला तो तीन पायऱ्यांसाठी. व्हीलचेअर वर चढत नाही, पोराला पिंपळाखाली ठेवून मान वळवून वळवून बोलावं लागतं. दुकानाच्या मालक काकांना दोनदा सांगून झालंय, "बघू" म्हणतात. रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं, तेव्हा औषध संपत आलं असेल तर शनिवारीच या.