गृहविज्ञान पदविका, नऊ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण वाटी कुठली धरायची?

गुणपत्रिकेत पोषणशास्त्राच्या प्रात्यक्षिकापुढे ‘गैरहजर’ छापून आलं, म्हणून हे लिहायला बसलो. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. गृहव्यवस्थापन, पोषण आणि ऐच्छिक म्हणून चित्रपट रसास्वाद. बाकी तपशील माहितीपत्रकात सापडेल. मी लेखा विभागातून निवृत्त, मधुमेहाची गोळी सुरू झालेला आणि बॅचमधला एकटा पुरुष. पहिल्या संपर्कसत्राला शिपाई म्हणाला, “काका, पालकांनी बाहेर थांबायचं.”

आधी वाटी. आमच्या पुस्तकात आहार वाटीने मोजतात. चौथ्या पाठात वाटी 150 मिलिलिटरची, नवव्या पाठात 200 ची. जमा-खर्चाचे रकाने जुळवण्यात नोकरी घालवलेल्या माणसाला हे कसं पचावं? साडेचारशे रुपयांचा डिजिटल काटा घेतला (जीव वर-खाली झाला, पण घेतला), वाटी ठेवून शून्य केला आणि काठोकाठ पाणी ओतलं. रोजची वाटी 185. आईच्या वेळची पितळी 240. पाहुण्यांसाठीची बुटकी, सुबक वाटी 120. ही म्हणाली, “पाहुण्यांना आमटी कमी वाढतो, हेही वहीत लिहिणार का?” लिहिलं.

आता हिशेब करा. तीन वाट्या भात चौथ्या पाठाप्रमाणे 450 मिलि होतो आणि आईच्या वाटीने 720. रक्तातली साखर यातली कुठली वाटी धरते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते काढले. 528 खाद्यपदार्थ आहेत, आकडे दर 100 ग्रॅमचे, म्हणजे वाटीची भानगड नाही. पण ऊर्जा दिलीय किलोज्यूलमध्ये. ज्वारी 1398. भागिले 4.184 केलं की 334 किलोकॅलरी येतात. आमच्या पुस्तकात जुन्या तक्त्यातले 349! मी तावातावाने मॅडमकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “नमुने वेगळे, पद्धत वेगळी. काका, तुम्ही पंधरा कॅलरींसाठी आलात. तुमच्या वाटीत किती घोळ आहे?” पितळी वाटी दीडशेपेक्षा साठ टक्के मोठी. गप्प बसलो.

तेव्हापासून भाकरी नाही, पीठ मोजतो. भाकरीच्या वजनात पाणीही येतं आणि तक्त्यातले आकडे कोरड्या ज्वारीचे आहेत, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. आमच्या एका भाकरीला 62 ग्रॅम पीठ लागतं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी तपासणी) 8.1 टक्क्यांवरून 7.2 वर आली. श्रेय काट्याचं की गोळीचं, हे डॉक्टर सांगत नाहीत. हिच्या मते श्रेय तिचं.

गृहव्यवस्थापनाबद्दल फार लिहीत नाही. शेगडी, सिंक आणि फ्रीज यांच्यात पावलं कमी पडावीत म्हणून त्रिकोण काढायला लावतात. आमचा फ्रीज बाहेरच्या खोलीत आहे, त्यामुळे त्रिकोण भिंतीतून जातो. अमेरिकेत या विषयाचं नाव 1994 सालीच बदलून ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ केलं म्हणे. आमच्याकडे नाव ‘गृहविज्ञान’च आहे, आणि शेजारी अजून विचारतात, “स्वयंपाक शिकताय?”

चित्रपट रसास्वाद मी फुकटचे मार्क म्हणून घेतला होता. इथे मत बदलावं लागलं. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ दाखवला. लहानपणी पाहिला होता, तेव्हा नजर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांवरच होती. या वेळी पाहिली ती गौरीबाईंची जिजाई. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबावर चप्पल उगारणारी. नवरा भजनात, घरात दाणा नाही, आणि जमाखर्चाचं भान असलेली ती एकटीच. गृहव्यवस्थापनाच्या दहा पाठांपेक्षा मला तिथे जास्त कळलं. शिकवणारे सर सारखे सांगायचे, “मधल्या माणसाकडे सगळेच बघतात. तुम्ही मागे काय आहे ते बघा.”

आता ‘गैरहजर’. केंद्रावर गेलो तर उत्तर मिळालं, “वरून आलंय.” ग्राहक संरक्षणाचा पाठ आम्हाला यांनीच शिकवलेला, 2019 चा कायदा, हेल्पलाइन 1915, सगळं पाठ. अर्ज लिहून शेजारच्या वकिलांना दाखवला. ते हसले. परीक्षा घेणारं मंडळ ‘सेवा’ देत नाही आणि परीक्षार्थी त्याचा ग्राहक नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटलंय. म्हणजे ग्राहकाचे हक्क शिकायचे आणि शिकवणाऱ्याच्या परीक्षेपुरतं ग्राहक नसायचं. पुस्तकात ही ओळ नाही. वाटीसारखंच.

मग सरांचं वाक्य आठवलं. प्रात्यक्षिकाच्या थाळीचा फोटो जर्नलला चिकटवायचा असतो, तो केंद्राच्याच माणसाने काढलेला. माझा थाळीचा फोटो मोठा करून पाहिला. पुढे भाकरी, पालेभाजी, आमटी. मागे फळ्यावर तारीख, बॅच क्रमांक, आणि कोपऱ्यात बाहेरून आलेल्या परीक्षक बाई हजेरीच्या कागदावर वाकलेल्या. हजेरीत माझ्या बैठक क्रमांकाचा शेवटचा आकडा चुकला होता, 6 चा 8. अर्जाला फोटो जोडला. तीन आठवड्यांनी ‘दुरुस्ती प्रस्तावित’ असं पत्र आलं. दुरुस्त गुणपत्रिकेचे दोनशे रुपये मात्र मीच भरायचे. चूक त्यांची, चलन माझं. तेही भरलं, पावती ठेवलीय.

हा अभ्यासक्रम घ्यावा का? साखर असेल आणि घरात काटा असेल तर घ्या. काटा नसेल तर आधी काटा घ्या, अभ्यासक्रम नंतर. पुढच्या सत्रात चित्रपटाचा दुसरा पेपर आहे, त्यासाठी फी भरलीय. वाटीबद्दल विद्यापीठाला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तिसऱ्यासोबत तिन्ही वाट्यांचा फोटो जोडतोय. मागे काट्याचा आकडा दिसेल असा.