परांचीवरच्या कामासाठी दोन हुकांचा हार्नेस: विकत घ्यावा, पण पहिल्या दोन टप्प्यांवर त्याच्या भरवशावर राहू नये

बाहेरच्या प्लास्टरचे आणि रंगाचे काम करणाऱ्या आमच्या तुकडीसाठी आम्ही कमरेचे जुने पट्टे काढून टाकून पूर्ण अंगाचे, दोन दोऱ्यांचे आणि मोठ्या हुकांचे हार्नेस आणले, आणि ते आता रोजच्या वापरात असल्यामुळे त्यांच्याविषयी काही निश्चितपणे लिहिता येते. कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाचा सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर आणतो, तर हार्नेस तो मांड्या, ओटीपोट आणि खांद्यांत वाटून देतो. एवढे एकच कारण बदलासाठी पुरेसे होते.

या वस्तूतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तिचा हूक. परांचीचा नेहमीचा पाइप बाहेरून 48.3 मिलिमीटर जाडीचा असतो आणि साध्या हुकाचे तोंड त्यावर बसतच नाही. मग माणसे दोरी पाइपाभोवती गुंडाळून हूक त्याच दोरीत अडकवतात. जी दोरी त्यासाठी बनवलेली नाही तिच्यावर आणि हुकाच्या झडपेवर अशाने भलत्याच दिशेने ताण येतो, पण साइटवर याला कोणी हरकत घेत नाही. या हार्नेसच्या हुकाचे तोंड पाइपापेक्षा सुटसुटीत मोठे आहे आणि मागचा खटका दाबल्याशिवाय झडप उघडत नाही, तरीही हातमोजा घातलेल्या एका हाताने तो पाइपावर सहज बसतो. पाइप मात्र कोणताही चालत नाही. आम्ही हूक उभ्या पाइपाजवळच्या, क्लॅम्पने पक्क्या बांधलेल्या आडव्या पाइपात लावायला सांगतो. कठड्याच्या पाइपात लावू देत नाही.

दोन दोऱ्यांचा उपयोग सरकताना कळतो. उभा पाइप ओलांडायचा असला की पुढचा हूक आधी लावायचा आणि मगच मागचा काढायचा, म्हणजे माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. एका दोरीच्या पट्ट्यात नेमका हाच क्षण धोक्याचा असे. मात्र रिकामा हूक कमरेच्या धातूच्या कडीत अडकवण्याची सवय प्रत्येकाला असते आणि ती घातक आहे, कारण पडताना दोरीला जोडलेली झटका शोषणारी पिशवी उलगडायच्या आतच ती दुसरी दोरी ताणली जाते आणि पिशवीचा उपयोगच उरत नाही. रिकाम्या हुकासाठी छातीवर प्लास्टिकचे दोन फास दिलेले आहेत, ते ओढ बसताच सुटतात. ते तिथे का आहेत, हे पत्रकात ठळकपणे सांगायला हवे होते. एकूणच पत्रक फार बारीक अक्षरात आहे.

आता मुख्य आक्षेप. तो या उत्पादनापेक्षा त्याच्याकडून धरल्या जाणाऱ्या अपेक्षेवर अधिक आहे. दोरी 2 मीटरची आहे, झटका शोषणारी पिशवी पूर्ण उलगडली तर 1.75 मीटरपर्यंत लांबते, पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत साधारण 1.5 मीटर अंतर असते आणि खाली 1 मीटर तरी मोकळे राहायला हवे. म्हणजे हूक जिथे लावला त्याच्याखाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. परांचीचा एक टप्पा सुमारे 2 मीटरचा धरला, तर तिसऱ्या टप्प्यावर पायाशी हूक लावणाराही जमिनीवर आदळू शकतो आणि पहिल्या दोन टप्प्यांवर डोक्यावर, म्हणजे पावलांपासून सुमारे 2 मीटर वर, लावलेला हूकही पुरत नाही. तिथे माणसाला वाचवणारी गोष्ट म्हणजे पूर्ण रुंदीच्या घट्ट फळ्या, छातीखालचा आणि गुडघ्यावरचा असे दोन आडवे पाइप आणि चढण्यासाठी बांधलेली शिडी. हार्नेस घेतले म्हणून कठड्याच्या पाइपांत काटकसर करणारे ठेकेदार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

किरकोळ तक्रारी दोन. छातीवरच्या पट्ट्याचे बक्कल दिवसभरात ढिले होते, त्यामुळे जेवणानंतर ते पुन्हा ओढून घ्यावे लागते. मांडीच्या पट्ट्यांना ही अडचण नाही, त्यात सपाट पंजा जातो पण मूठ जात नाही इतकी ओढ एकदा दिली की ती टिकते. दुसरे म्हणजे, सिमेंटचे पाणी हुकाच्या बिजागरीत सुकले की झडप आपोआप मिटत नाही. हूक रोज संध्याकाळी धुवावेच लागतात. पट्टे सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत आणि त्यांवर रंगाने किंवा मार्करने नावे लिहू नयेत, कारण त्यातले द्रावक धाग्याला कमजोर करू शकतात.

बाजूच्या छोट्या पाकिटांत घडी घातलेले पायाचे फास आहेत, ही चांगली सोय आहे. लटकलेला माणूस त्यात पाय देऊन मांड्यांवरचा दाब कमी करू शकतो, पण तो शुद्धीवर असेल तरच. निश्चल लटकणे जिवावर बेतू शकते, म्हणून त्याला खाली कसे आणि कोणी उतरवायचे हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले हवे. एकदा पडणे रोखलेला हार्नेस आणि दोरी पुन्हा वापरू नये, वरून धड दिसली तरी.

घेणाऱ्याने लेबलवरची कमाल वजनाची मर्यादा हत्यारांसह मोजून पाहावी आणि मिळत असेल तर 1.5 मीटर दोरीचा प्रकार मागावा. हूक डोक्यावर लावला तर त्याला पावलांखाली पावणेचार मीटर पुरतात, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यावरही तो जेमतेम का होईना, उपयोगी पडतो.