पहिली रोड बाइक: आठ गिअरची क्लॅरिस आणि तिच्याभोवतीचे बाकीचे भाग

परवडणारी रोड बाइक बघायला गेलेला माणूस आधी मागच्या डिरेलरवरचं (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावरचं) नाव वाचतो, आणि सायकल बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून तिथे 'क्लॅरिस' (शिमानो कंपनीच्या आठ गिअरच्या संचाचं नाव) ठळक दिसतं. क्रँक (पॅडल जोडलेला दांडा) मात्र बिननावाची असते, ब्रेक अनोळखी कंपनीचे आणि चेन त्याहूनही हलक्या दर्जाची. पाटीवर 'शिमानो क्लॅरिस' लिहिलं असलं तरी शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची लिव्हर), पुढचा-मागचा डिरेलर, क्रँक, ब्रेक आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) या सगळ्यांवर एकेक करून नजर टाका. शिफ्टर आणि कॅसेटचा हब (मागच्या चाकाचा मधला भाग) या दोन गोष्टींत तडजोड करू नका. क्रँक आणि चेन नंतर बदलता येतात.

निकाल आधीच सांगतो. अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), क्लॅरिस आर२०००चे शिफ्टर आणि निदान २८ मिमीचा टायर मावेल एवढी जागा, इतकं असेल तर पहिल्या सायकलसाठी ते पुरेसं आहे. अशी सायकल साधारण साडेनऊ ते अकरा किलोची भरते. त्याच पैशात कोणी वरच्या दर्जाचे गिअर आणि हलक्या दर्जाची चाकं असं गणित मांडत असेल, तर ते नाकारावं.

शिमानोची रोडची उतरंड अशी: टूर्नी ए०७० सात गिअरची, क्लॅरिस आठ, सोरा नऊ, टियाग्रा ४७०० दहा. लोक मागच्या चकत्या मोजतात, पण टूर्नी आणि क्लॅरिस यांच्यातला खरा फरक हाताखाली आहे. टूर्नीच्या शिफ्टरला आतल्या बाजूला अंगठ्याने दाबायची छोटी कळ असते. हात हूडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी भागावर) असताना ती सापडते. खाली ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात) धरलं की अंगठा तिथवर पोचत नाही. म्हणजे उतारावर, जिथे हात ड्रॉपमध्ये हवेत, तिथेच एका दिशेचा गिअर टाकायला पकड सोडावी लागते. क्लॅरिसला एका दिशेसाठी ब्रेकची लिव्हरच आत ढकलायची असते आणि दुसऱ्या दिशेची छोटी कळ तिच्यामागे असते; हूड किंवा ड्रॉप, कुठूनही दोन्ही बोटांनी दाबता येतात. एवढ्या एका कारणासाठी टूर्नीवरून क्लॅरिसवर जायला जास्तीचे पैसे मोजावेत.

आठ गिअर कमी पडतात का? टोकाला पडत नाहीत. पुढच्या चकत्या ५०-३४ दातांच्या आणि मागच्या ११-३२ असतील तर सर्वांत हलक्या गिअरला, मिनिटाला ६० फेऱ्या मारत, ताशी सुमारे ८ किलोमीटरने चढ चढता येतो. मागे ११-२८ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना सव्वानऊ लागतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण लांब चढावर नवखा माणूस सायकलवर राहतो की उतरून ढकलतो, हे त्यावर ठरतं. डोंगराळ भाग असेल तर २८ दातांची कॅसेट घेऊ नका. मोठी कॅसेट नंतर लावायची असेल तर मागच्या डिरेलरचा पिंजरा लांब आहे ना, हे आधी विचारा; आखूड पिंजऱ्याला मोठी चकती झेपत नाही.

किंमत मोजावी लागते ती मधल्या गिअरांत. ११-३२च्या कॅसेटवर चकत्या ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२ अशा बसतात. १८वरून १५वर गेलं की त्याच वेगाला पायांचा ठेका मिनिटाला ९०वरून ७५वर येतो. सपाट रस्त्यावर घोळक्याबरोबर जाताना ही उडी जाणवते. एकट्याने फिरणाऱ्याला दोन आठवड्यांत सवय होते. याची भरपाई दुसरीकडे होते. आठच्या कॅसेटवर दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर ४.८ मिमी असतं, दहाच्या कॅसेटवर ३.९५. त्यामुळे केबल थोडी सैल झाली किंवा हँगर (मागचा डिरेलर टांगलेला तुकडा) किंचित वाकला तरी क्लॅरिस निभावून नेते. चेनही जाड, ७.१ मिमीची, आणि सहा, सात, आठ या सगळ्यांना तीच चालते.

आता हब. स्वस्त सात गिअरच्या सायकलींत मागे बहुतेक वेळा आट्यांनी घट्ट बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या आत, फ्रीव्हीलच्या बऱ्याच अलीकडे असतात, त्यामुळे अॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) लांब तुकडा आधाराविना राहतो. वजनदार माणूस, खड्डे, पाठीवर सामान, की तिथेच तो वाकतो आणि कधी मोडतो. फ्रीहबवर (एका दिशेने मोकळा फिरणारा भाग हबचाच असतो त्यावर) कॅसेट असते तेव्हा छर्रे बाहेरच्या टोकाला जातात आणि हा प्रश्न राहत नाही. दुकानात मागचं चाक उलटं फिरवून दोन्हींत फरक कळत नाही. सर्वांत छोट्या चकतीच्या तोंडाशी बघा: दातेरी कडेची लॉकरिंग (चकत्या जागी धरणारी कडी) घट्ट बसलेली असेल आणि चाक धरून चकत्या उलट फिरवताना ती त्यांच्याबरोबर फिरत असेल, तर कॅसेट आहे. आणखी एक सोय अशी की आठ, नऊ आणि दहाच्या कॅसेट एकाच फ्रीहबवर बसतात. क्लॅरिसवरून सोराकडे जायचं झालं तर मागचा डिरेलर तोच राहू शकतो; शिफ्टर, कॅसेट आणि चेन बदलली की काम होतं. टियाग्रा ४७००ची केबल ओढण्याची मोजणी वेगळी आहे, तिथे हे जमत नाही.

ब्रेकच्या बाबतीत 'डिस्क म्हणजे चांगली' असं धरून चालू नका. या वर्गात डिस्क बहुधा केबलची असते आणि बऱ्याच कॅलिपरांत (पॅड धरणाऱ्या भागांत) एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून दुसऱ्या पॅडवर टेकवतो. आतला स्थिर पॅड झिजत गेला की तो स्क्रूने पुढे घ्यावा लागतो. हे न करता नुसती केबल ताणत राहिलं, की लिव्हर हँडलला टेकते आणि ब्रेक लागत नाही. नवीन पॅड आधी घासून रुळवून घ्यावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू दाबत, चाक लॉक न करता, वीसेक वेळा वेग कमी करा. चेनला मारलेल्या स्प्रेचा फवारा डिस्कवर उडाला तर पॅड बाद समजा. त्यापेक्षा चांगला दोन पिव्हटचा रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारा) हलका, दुरुस्तीला सोपा आणि कोरड्या रस्त्यावर तेवढाच भरवशाचा. फक्त पॅडमध्ये रुतलेले खडे आणि अॅल्युमिनियमचे कण टोचून काढत राहा, नाहीतर ते रिम खातात.

तरी डिस्कच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, तो टायरच्या जागेचा. आखूड कॅलिपरचा रिम ब्रेक साधारण २५ ते २८ मिमीवर अडतो. डिस्कच्या फ्रेममध्ये ३२ सहज बसतो. खराब रस्त्यांवर फिरणार असाल तर डिस्क घ्या, पण चाक १२ मिमीच्या थ्रू अॅक्सलवर (आरपार जाणाऱ्या जाड आसावर) आहे का ते बघून. क्विक रिलीजवाली (बारीक आस आणि छोट्या लिव्हरने आवळायची) डिस्क ही अर्धवट पिढी आहे. तिच्यासाठी पुढे चांगली चाकं शोधणं कठीण जातं.

टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही हवेची कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. ७० किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या २८ मिमीच्या टायरमध्ये मागे सुमारे ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरतात. तिथून पाच-पाचने कमीजास्त करून बघा. कमी हवेत खड्ड्यावर आपटलं की रिम ट्यूबला दोन समांतर चिरा पाडते. अशी जोडचीर दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढाच त्याचा अर्थ. रोडच्या ट्यूबमधली हवा आठवड्यात बरीच उतरते, म्हणून मीटर असलेला उभा पंप सायकलबरोबरच घ्या.

साइज चुकली तर वरचं सगळं वाया. ५४ आकडा दोन कंपन्यांचा सारखा नसतो, म्हणून आकड्याऐवजी स्टॅक आणि रीच बघा: बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस बसतो त्या जागेच्या) मध्यापासून हेडट्यूबचं (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचं) वरचं टोक किती उंच आणि किती पुढे आहे, ते. सीटची उंची ठरवायला अनवाणी भिंतीला टेका, जाड पुस्तक पायांमध्ये घट्ट वर ओढा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि ०.८८३ने गुणा. ७८ सेंमी भरलं तर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत सुमारे ६८.९ येतात. ही सुरुवात झाली. पुढे शरीर सांगतं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून ताणला किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली तर ती जास्त वर आहे. बदल तीन-तीन मिलिमीटरने करा.

खांदे कानाकडे चढत असतील, तळवे बधिर होत असतील तर हँडल लांब पडतंय. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) १० किंवा २० मिमी आखूड करून हे सुटतं. त्याहून जास्त लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे, दुसरी बघा. आणि फोर्कची नळी कापण्याआधी स्टेमखाली निदान २० ते ३० मिमी स्पेसर (कड्या) ठेवायला सांगा. कापलेली नळी परत वाढत नाही, आणि पहिल्या महिन्यात बहुतेकांना हँडल वरच हवं असतं.

सायकल ताब्यात घेताना दहा मिनिटं हे करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हेडसेटमध्ये (फोर्क फिरतो तिथल्या बेअरिंगमध्ये) खट्कन खेळ लागता कामा नये. चाकं उचलून फिरवा आणि चाकाची रिम, ब्रेकच्या पॅडच्या सापेक्ष, डावीउजवीकडे किती हलते बघा. नवीन चाक एक मिलिमीटरहून जास्त आऊट असेल तर तिथेच ट्रू (सरळ) करून घ्या. मागचं चाक उचलून सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाका आणि लिव्हर आणखी दाबा. चेन स्पोककडे सरकत असेल तर 'एल' स्क्रू (चेन आत किती जाईल ते ठरवणारा) चुकीचा लावलाय; हा दोष सोडला तर चढावर चेन स्पोकांत जाऊन डिरेलर उखडतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते ग्रीस लावून, आधी हाताने फिरवूनच बसवले आहेत ना, हेही विचारा.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरांत केबलचं कव्हर आपापल्या जागी बसतं आणि गिअर कुरकुरायला लागतात. त्यात बिघाड काही नाही. मोठ्या चकतीवर चढायला चेन रेंगाळत असेल तर केबल सैल आहे. मागच्या डिरेलरचा बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करायची फिरकी) मागून बघत घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तपासा. लहान चकतीवर उतरायला रेंगाळत असेल तर उलट दिशेने. दोन्हीकडे रेंगाळत असेल तर बॅरल सोडा, हँगर वाकला आहे का बघा. चौकोनी अॅक्सलची क्रँक असेल तर डाव्या क्रँकचा बोल्ट याच सुमारास ३५ ते ५० न्यूटन-मीटरला पुन्हा कसा. सैल क्रँकवर एकच दिवस जोर मारला तरी अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोलसर होतं, आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी ती टिकत नाही.

पैसे उरले तर आधी ब्रेक पॅड बदला, मग टायर. कंपनीतून येणारे तारेच्या कडेचे ताठ टायर आणि कडक रबराचे पॅड ही या सायकलींची सर्वांत कच्ची बाजू. चेनला ०.७५ टक्के झीज दाखवणारं माप लागायला लागलं की ती लगेच बदला. तसंच चालवत राहिलात तर तीच चेन कॅसेट आणि पुढच्या चकत्याही संपवते.