‘फक्त ५० तास चाललेलं’ इंजिन

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे, २५ वर्षं यंत्रमागाचे पार्ट करतोय. वैमानिक अमोल यादवांनी मुंबईत चारकोपला गच्चीवर बांधलेल्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, तेव्हापासून मीही एकआसनी विमान बांधत होतो. सगळं हातचं. अडलं फक्त इंजिनावर.

ऑनलाइन जाहिरातीत दिसलं जुनं रोटॅक्स ५८२, हलक्या विमानांचं टू-स्ट्रोक इंजिन. विकणारा म्हणाला, "५० तासच चाललंय, दादा." टोकन ५१,०००, मग खात्यावर २,८४,०००, वर रोख १,००,०००. रोखीची पावती नाही. टेम्पोचे ६,८०० वेगळे. रोख मागितली की तिथूनच उठा.

लॉगबुक, म्हणजे इंजिन किती तास चाललं त्याची वही, हातात आलं तेव्हाच कळायला हवं होतं. चार वर्षांच्या नोंदी, पण शाई एक, अक्षर एक, पेनाचा दाबसुद्धा एक. दिसलं होतं मला! तरी पान उलटलं. आमचे अण्णा म्हणाले, "मालक, एग्झॉस्ट मॅनिफोल्ड काढू, पोर्टातून पिस्टन दिसेल. अर्ध्या तासाचं काम." मी म्हणालो, नवं गॅस्केट कुठून आणू, राहू दे. ते ‘राहू दे’ अजून झोपू देत नाही.

माझ्याकडून कसूर नव्हती. पेट्रोलमध्ये ऑइल ५०:१ स्वतः मोजून घातलं, कूलंट ६५ अंशांवर आल्यावरच फुल थ्रॉटल दिला. उड्डाण घेतलं आणि साधारण ८० फुटांवर इंजिन जाम झालं, पंखा जागेवर थांबला. नाक खाली दाबलं आणि समोरच्या कापलेल्या ज्वारीच्या रानात उतरलो. एवढ्या उंचीवरून मागे वळायचं नाही म्हणजे नाही. ६० अंश कलवून वळलात तर स्टॉलचा वेगच, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान तोलत नाहीत तो, ४१ टक्क्यांनी वाढतो. भुवईला सात टाके. पंखा आणि चाकांचे ८८,५००.

खोललं तर मागच्या पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूला जुने ओरखडे, पॉलिश पेपरने घासलेले. आधी एकदा सीज, म्हणजे जाम, झालेलं इंजिन रंग मारून माझ्या गळ्यात घातलं होतं. इंजिनाच्या नंबरावरून आधीचा मालक शोधला. तो म्हणाला, ४१० तास झाल्यावर भंगारात दिलं. अहो, ३०० तासांना ओव्हरहॉल लागतं याला! हा फोन पैसे देण्याआधी करा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, व्यवहार ऑनलाइन ठरला, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळाला ना, मग ही दिवाणी बाब. परत ठाण्यात गेलो, तर साहेबांचा पहिला प्रश्न, "उडायची परवानगी होती का?" फाईल पुढे ठेवली. उघडलीसुद्धा नाही. मीच आरोपी! पाच खेपा झाल्या. अर्जावर पोचेचा शिक्का मिळायला ११ दिवस लागले. एक हवालदार तर विचारतो, "ट्रॅक्टरचं इंजिन का नाही बसवलं?" मी मेलो असतो तर पंचनामा तरी झाला असता.

परवा त्याच माणसाची जाहिरात पुन्हा दिसली. रोटॅक्स ५८२, ‘५० तास’, आता ५,१०,०००. फोटोत कव्हर नवं कोरं निळं रंगवलेलं आहे. कोणी टोकन दिलं असेल, तर आजच थांबवा.