सिरॅमिकच्या नावाखाली तेलकट पॉलिश फासून दिलं, पांढरी गाडी असेल तर नक्की वाचा

सांगली, मिरज, कुपवाड भागात कोणी जुनी पांढरी गाडी मशीन पॉलिश करून त्यावर सिरॅमिक कोटिंग (पेंटवर लावून कडक होणारा पारदर्शक संरक्षक थर) मारून घ्यायच्या विचारात असेल तर पैसे द्यायच्या आधी हे सगळं वाचा. आमचे साडेसोळा हजार गेले त्याचं वाईट वाटतंच, पण खरा राग ह्याचा आहे की बोनटवरचा कंपनीचा ओरिजनल पेंट गेला आणि तो आता कोणीच परत आणू शकत नाही.

गाडी अण्णांची, पांढरी स्विफ्ट. आमचं घर मिरजेत, रेल्वे यार्डापासून जवळ. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून गाडी उघड्यावरच उभी, वर चिंचेचं झाड, पाखरांची घाण, उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याची काळी राख, त्यात कोणीतरी बोअरच्या पाण्याने धुवून उन्हात तशीच वाळवायचं त्यामुळे क्षाराचे पांढरे डाग. आणि सगळ्या पत्र्यावर बारीक तपकिरी ठिपके, अगदी गंजासारखे. अण्णांनी ती गाडी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे विकायचा प्रश्नच नव्हता, नीट करून घेऊ असं ठरलं.

सांगलीतलं दुकान (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे) दिसायला एकदम भारी, काचेची केबिन, एलईडी लाईट, भिंतीवर कोटिंगच्या बाटल्यांचे फोटो. मालकाने ठिपके बघितले आणि अण्णांना म्हणाला, "काका, पत्रा आतून सडायला लागलाय, आधी अँटी रस्ट करावं लागेल नाहीतर वर कोटिंग टिकणार नाही." त्याचे अडीच हजार वेगळे. मूळ पॅकेज चौदा हजाराचं, त्यात पेंट करेक्शन (मशीनने घासून ओरखडे काढणं) आणि तीन वर्षं वॉरंटीचं ९एच सिरॅमिक. मी सरळ विचारलं होतं की ओरखडे खरंच निघणार की नुसते झाकणार, तर म्हणाला "दादा शंभर टक्के निघणार, आपल्याकडे झाकाझाकी नसते."

सकाळी गाडी दिली, संध्याकाळी तयार. दिसत होती नव्यासारखी, खोटं कशाला बोलू. आमच्यासमोर बोनटवर पाण्याचा फवारा मारून दाखवला, पाण्याचे मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळत होते, अण्णा एवढे खुश झाले की त्या पोरांना चहाला पैसे दिले.

दिवाळीला दाजी आले. दाजींनी कुपवाड एमआयडीसीत बॉडीशॉपला पेंट बूथमध्ये बरीच वर्षं काम केलंय. तोपर्यंत गाडी काही वेळा धुवून झालेली आणि चमक मेल्यासारखी वाटायला लागलेली. दाजींनी बोनटच्या मधोमध मास्किंग टेप लावली, एका बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून मऊ फडक्याने पुसलं आणि मोबाईलचा टॉर्च जवळ धरला. पुसलेल्या बाजूला ओरखड्यांचं गोल गोल जाळं जसंच्या तसं, वर मशीनचे नवे पट्टे. मग पाणी ओतलं, तर न पुसलेल्या बाजूला थेंब आणि पुसलेल्या बाजूला पाणी सपाट पसरलं. दाजी म्हणाले, सिरॅमिक एकदा कडक झालं की अल्कोहोलने निघत नाही, ते काढायला परत घासावंच लागतं, इथं सिरॅमिक लावलेलंच नाही, हे ग्लेझ आहे. ग्लेझमध्ये तेल आणि फिलर असतात, ते ओरखड्यात भरून बसतात आणि शाम्पूने हळूहळू निघून जातात.

ग्लेझ म्हणजे वाईट वस्तू असं मी म्हणत नाही. दीड-दोन हजारात ग्लेझ म्हणून सांगून विकलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

आणि ते थेंब, ज्यावर सगळे भुलतात, ते साध्या वॅक्सवरही पडतात, थेंब पडले म्हणजे सिरॅमिक असं अजिबात नाही. उलट ताजं सिरॅमिक लावलं असतं तर त्याच संध्याकाळी त्यावर पाणी मारलंच नसतं, निदान पहिला दिवस तरी ते कोरडं ठेवावं लागतं आणि आठवडाभर धुवायचं नसतं. ९एच म्हणून जे सांगतात ती शिसपेन्सिलीच्या कडकपणाची प्रत आहे, त्या टेस्टमध्ये पेन्सिल पेंटवर ओढून बघतात. त्याचा अर्थ किल्लीने ओरखडा पडणार नाही किंवा हायवेवरचा खडा लागून टवका उडणार नाही असा होत नाही.

पांढऱ्या गाडीत हे फसवणं सगळ्यात सोपं जातं. काळ्या गाडीवर जाळं लांबून दिसतं, पांढऱ्यावर सगळीकडून उजेड परत येतो त्यामुळे ओरखडा त्यात हरवतो, आणि दुकानात चारी बाजूंनी ट्यूब असतील तर काहीच दिसत नाही. एकच बारीक टॉर्च तिरका धरला किंवा दुपारच्या कडक उन्हात उभं राहून बघितलं तरच कळतं.

आता गंजाचं. तो गंज पत्र्याचा नव्हताच. रेल्वेचे ब्रेक आणि चाकं घासून लोखंडाची बारीक पूड उडते, ती पेंटवर बसते, रुतते आणि दवात, पावसात गंजते. दाजींनी दरवाजाच्या खालच्या भागावर, जिथं दुकानवाल्यांनी हातच लावला नव्हता, आयर्न रिमूव्हर (लोखंडाची पूड विरघळवणारं लिक्विड) फवारला तर दोन मिनिटांत ठिपक्यांतून जांभळे ओघळ आले, नंतर क्ले बारने (रुतलेली घाण ओढून काढणारी चिकट मातीसारखी वडी) घासल्यावर पत्रा काचेसारखा गुळगुळीत. म्हणजे अँटी रस्टच्या नावाचे अडीच हजार निव्वळ खोटं बोलून घेतले, तेही एका म्हाताऱ्या माणसाला गाडी सडेल म्हणून घाबरवून. स्टेशनजवळ राहणाऱ्यांनी घरीच बघा, हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या पत्र्यावरून फिरवायचा, खरखर लगेच बोटाला कळते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र मशीनने केलं. दाजी वर्कशॉपमधून पेंटची जाडी मोजायचं मीटर घेऊन आले. टप आणि दरवाजे ११०-१२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बोनटच्या उंच रेषेजवळ ७० च्या आसपास. कंपनीचा पेंट सगळे थर धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो, त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ३५ ते ५० च्या घरात, आपला केस ७० च्या आसपास असतो म्हणजे विचार करा किती पातळ. ऊन अडवायचं काम तो क्लिअर कोट करतो. रोटरी मशीन (ज्याचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं) नवख्या पोराच्या हातात दिलं आणि त्याने लोकरी पॅड लावून कडेवर दाब दिला की पेंट तापतो आणि तो थर कधी उडून जातो ते पांढऱ्यावर कळतही नाही. आमच्या बोनटवर तिरकं बघितलं की हाताच्या पंज्याएवढा मंद डाग दिसतो, तिथं क्लिअर कोट संपलाय. त्यावर जगातलं कुठलंही कोटिंग लावा, उपयोग नाही, बोनट पेंटच करावं लागणार.

म्हणून काम देताना मीटरने आधीचं रीडिंग प्रत्येक पॅनेलचं लिहून घ्या, ज्याच्याकडे मीटर नाही त्याला करेक्शनचं काम देऊच नका. एका पॅनेलवर हातभर जागेत नमुना करायला लावा आणि अल्कोहोलने पुसून टॉर्चमध्ये बघा, मगच बाकीची गाडी करायला सांगा. ऑर्बिटल मशीन, ज्याला डीए म्हणतात, त्याचं पॅड फिरता फिरता हलतंही, त्यामुळे त्यात पेंट जाळायची भीती खूप कमी. काही साध्या पांढऱ्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसतो, तिथं पॅडवर पांढरा रंग येतो, हे मशीन लावायच्या आधी कोपऱ्यात हाताने घासून बघायला सांगा. सिरॅमिकची बाटली सीलबंद असताना तुमच्यासमोर फोडू दे, बाटलीवरचा बॅच नंबर बिलावर आलाच पाहिजे. आमच्या वॉरंटी कार्डावर नुसता दुकानाचा शिक्का आहे, ना प्रॉडक्टचं नाव ना नंबर.

दुकानात परत गेलो तर मालक म्हणाला, "तुम्ही अल्कोहोल मारून आमचं कोटिंग खराब केलं." तेच वाक्य मी व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून लिहून घेतलं, कारण कडक झालेलं सिरॅमिक अल्कोहोलने जात नाही हे त्याच्याच माहितीपत्रकात छापलंय. जीएसटीचं बिल दिलंच नव्हतं, पण यूपीआयची नोंद, कार्ड, मीटरच्या रीडिंगचे फोटो सगळं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असं नाही. दुकानदाराने हेल्पलाइनला अजून उत्तर दिलेलं नाही, त्यामुळे आयोगातल्या तक्रारीचे कागद आता तयार करतोय, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत बोनट पेंटला द्यायचं नाही असं अण्णांशी बोलून ठरवलंय, कारण तो डाग हाच आमचा पुरावा आहे.